दुकानासमोरचा गप्प रस्ता

बाबा,

आपल्या दुकानासमोरचा रस्ता आता आवाज करत नाही. गाड्या पूर्वीपेक्षा जास्त आहेत, धानाचे ट्रक तर दिवसभर सुरूच असतात, पण ते जवळून गेले तरी कळत नाही. हा रस्ता तुमच्या लेकीने केला, म्हणजे ठेकेदाराच्या नोकरीत राहून करून घेतला. जुन्या टायरांचा बारीक चुरा करायचा, तो तापलेल्या डांबरात मुरवायचा, त्यात गिट्टी घोळवायची आणि अंथरून वरून रोलर फिरवायचा. असा रस्ता उन्हात लवकर पाघळत नाही, पावसात लवकर फुटत नाही, आणि चाकांचा आवाज पिऊन टाकतो. पहिले दोन गुण मी साहेबलोकांना छाती फुगवून सांगते. तिसऱ्यासाठी तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्ही रस्त्याकडे पाठ करून बसायचात. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता म्हणायचात, "आमगावची बस आली. मागचं टायर टकलं झालं तिचं." माय हसायची, तिला वाटायचं तुम्ही फेकता. पण तुमच्यासोबत राहून तिचाही कान तसाच झाला. आणि दुकानामागे मोहाच्या झाडाखाली तुमचा तो ढीग होता. अपघातात माणूस गेला, की त्या गाडीचं टायर तुम्ही दुसऱ्या गाडीला कधी चढवलं नाही. कितीही चांगलं असो, चुन्याची फुली मारून मागे टाकायचात. पावसाळ्यात त्या टायरांत पाणी साचायचं आणि वाकून पाहिलं की आपलंच तोंड काळं होऊन वर बघायचं. मला फार आवडायचं ते. मी सहावीत असेन. फुलीचं एक टायर काठीने पळवत अंगणातून रस्त्याकडे नेते आहे, आणि तुम्ही हातातला पाना टाकून धावत येता.

"ठेव ते! कायले काढलं बाहेर?"

"भूत लागते का बाबा?"

"भूतबीत काही नसते. पण त्या घरच्यानं रस्त्यावर ओळखलं तं?"

टायर कोण ओळखणार, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं. तुमच्याशिवाय कोणी ओळखलं नसतं. पण तुमचा चेहरा असा उतरला होता, की मी पुन्हा त्या ढिगाला हात लावला नाही.

तुम्ही छातीच्या दुखण्याने खाटेवर गेलात, रस्त्यावर नाही. तरीही पाहुणे पांगल्यावर मायने तुमच्या सायकलचं मागचं टायर स्वतः काढलं. ते फुगीर झालेलं टायर, तुम्ही आतून ठिगळ लावून लावून चालवलेलं, दर फेऱ्याला थप्प करणारं. तुम्ही वळणावर असतानाच त्या थप्प-थप्पवरून माय तवा ठेवायची. तिने त्याच्यावर चुन्याची फुली मारली आणि ढिगावर ठेवून दिलं. "गेलेल्या माणसाचं हाय," एवढंच म्हणाली. पुढे साखरेच्या आजाराने तिची नजर गेली. पण रोज संध्याकाळी पलीकडच्या विहारात वंदनेला जायचं तिने सोडलं नाही. कडेला थांबायची, कान द्यायची, दोन्हीकडे शांत वाटलं की सरळ ओलांडायची. मी ओरडायचे, ती ऐकायची नाही. माझं, म्हणजे. गाड्यांचं बरोबर ऐकायची.

आणि मग हे काम आमच्याकडे आलं. चुरा करणाऱ्यांचा ट्रक गावोगाव फिरून जुनी टायरं गोळा करत होता. मायला विचारलं, तर म्हणाली, "घेऊन जा. रस्त्यालेच जाऊन राहिले ना? मंग ठीक हाय." सगळा ढीग गेला, तुमच्या सायकलचं टायरही. चुऱ्याची पोती प्लांटवर आली तेव्हा एका पोत्यात काळ्यात पांढरे कण दिसले. चुना असेल, वाळूही असेल. ज्या दुपारी आपल्या दुकानासमोर डांबर पडलं, त्या दुपारी अंगणभर तुमच्या हातांचा वास आला. माय उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "हात धुऊन घ्या, वाढते." मी म्हटलं, मला भूक नाही. बाबा, मला ती कधी "घ्या" म्हणत नाही.

रस्ता उघडला आणि मला घाम फुटला. जी बाई कानावर रस्ता ओलांडते, तिच्या दारात मी मुका रस्ता करून ठेवला होता. हाताला धरायला शेजारची एक पोरगी लावून दिली, तिला मायने दुसऱ्याच दिवशी हाकललं. मग एकदा मीच सुट्टी घेऊन विहाराच्या पायरीवर येऊन बसले. माय आपल्या दाराकडच्या कडेला आली, थांबली, कान दिला. उजवीकडून धानाने भरलेला ट्रक येत होता, आणि खरं सांगते, डोळ्यांनी पाहत होते तरी मला त्याचा आवाज येत नव्हता. मायने पाऊल उचललं. मी किंचाळायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. तिचं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. ट्रक तिच्या पदराला वारा घालून गेला. मग ती पाऊल खाली ठेवून निवांत चालत आली.

मी तिला धरून गदागदा हलवलं. "काऊन थांबली तू? काय ऐकलं?"

"तुये बाबा येऊन राहिले होते ना," ती म्हणाली. "सायकल नाही का वाजली? थप्प-थप्प. गाडी आली का ते पहिले येतात."

मी विचारलं, रोज? "रोज कायले? गाडी असली तं."

मी इंजिनियर आहे. आईचा जीव सायकलच्या आवाजावर सोडणारी मुलगी कसली? मी वरपर्यंत भांडून दारासमोर जाड पांढऱ्या पट्ट्या मंजूर करून घेतल्या. त्यांच्यावरून चाक गेलं की खडखडाट होतो आणि गाडीही दबते, हळू होते. मला वाटलं होतं तितका मायला आनंद झाला नाही. बराच वेळ ती तांदूळ निवडत राहिली, तसे तिला खडे आता बोटांनीच कळतात. मग म्हणाली, "त्या खडखडीत ते कसे ऐकू येतीन वं?"

आज त्या पट्ट्यांची आखणी होती. मजूर चहा प्यायला गेले, तेव्हा मी मायच्या जागेवर उभी राहिले आणि डोळे मिटले. मला तुमचा राग आला होता. तिला दरवेळी, आणि मला एकदाही नाही? खूप वेळ कान दिला. काही नाही, नुसता तापलेल्या रबराचा वास. मग तोंडावर वारा आला म्हणून डोळे उघडले. ट्रक पुढे निघून गेला होता. मी होते त्या जागेच्या बरीच मागे, दुकानाच्या ओट्याला टेकून उभी होते, आणि माझी एक चप्पल तिकडे डांबराच्या कडेला होती. मागे कशी आले, ते मला आठवत नाही. मग जाऊन ती चप्पल आणली.

मजूर आले तेव्हा मी अलीकडच्या आणि पलीकडच्या पट्ट्या मारून घेतल्या, नकाशाप्रमाणे. मधली, बरोबर दारासमोरची, मी होऊ दिली नाही. गाड्या आता दोन्हीकडून खडखडत येतील, दबतील, आणि दारासमोर तेवढा तुकडा गप्प होतील. मायने विचारलं, मधे मोकळं का सोडलं? मी म्हटलं, नियमच तसा आहे. ती हसली आणि विहारात जायला उठली.

हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही, तांदळाच्या डब्याखाली ठेवते. बाबा, नियम तसा नाही.