माझ्या दाताचा स्क्रू कुठे गेला

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या अर्धाच घातलाय, उरलेला मनातून.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? इकडे सगळे बरे आहेत, माझा दात सोडून.

वरचा समोरचा दात पडला आणि माझा तिसरा हातच गेला. लोकांच्या स्वयंपाकघरात धूर ओढायची चिमणी बसवताना एका हातात ड्रिल, दुसऱ्याने चिमणी तोलायची, मग स्क्रू दातांत नाही धरायचे तर कुठे? आता ते फटीतून निसटतात. एक तर मी गिळला. (तुझ्या भावजयीने त्याचा पुढे चिकाटीने पाठपुरावा केला, तपशील भेटीत.) शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवला. हाडाने तो धरला की त्यावर नवा दात. तोवर सिगरेट बंद, कारण धुराने हिरडीला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही आणि हाड स्क्रू धरत नाही. मी मान डोलावली. ओल आलेल्या भिंतीत स्क्रू टिकत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

पण ताई, माझ्या धंद्याला धूर लागतो. चिमणी ओढते की नाही हे गिऱ्हाइकाला दाखवायचं कसं? मी आपली एक पेटवतो. याला सिगरेट ओढणं म्हणत नाहीत, तपासणी म्हणतात. (तुझी भावजय हा फरक मानत नाही.) त्यातही मी डोकं लढवलं. तोंड थेट चिमणीखाली धरायचं आणि पंखा फुल्ल सोडायचा, म्हणजे धूर जखमेला शिवायच्या आत वर.

परवा एका शिवणक्लासवाल्या बाईंकडे असाच शिडीवर तोंड वासून उभा होतो. जोराचा ठसका लागला आणि जबड्यातला स्क्रू उडून चिमणीत गेला. आत खडखडाट सुरू. नवीन असताना वाजते ती अशी, असं बाईंना सांगितलं, चिमणी भिंतीवरून उतरवली आणि आतलं सगळं ओट्यावर झटकलं. भिंतीतून काढलेले आणि माझा, सगळे स्क्रू एकत्र झाले. त्यातला सगळ्यात चकचकीत होता तो खिशात टाकला, बाकीच्या स्क्रूंनी चिमणी परत बसवली आणि तोंडावर रुमाल दाबून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी खिशातला स्क्रू भिंगाखाली धरला.

"हा चिमणीचा आहे," त्या म्हणाल्या. "माझा कुठाय?"

तो शिवणक्लासच्या भिंतीत आहे ताई, चिमणी पेलून उभा. मी परत जाऊन हलवून बघितली, तसूभर हलत नाही. डॉक्टरीणबाईंना हे (जरा अभिमानानेच) कळवलं, तर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"धरणारच. भिंत सिगरेट ओढत नाही."

मग जबड्याचा फोटो दाखवला. हाड थोडंच उरलंय, आता आणखी एकदाच जमेल म्हणाल्या. खरं सांगतो, मला भीती वाटते. फट दिसते याची नव्हे. स्क्रू धरता आले नाहीत तर शिडीवरून कायमचं उतरावं लागेल, आणि दुसरं मला काही येत नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : हाड स्क्रू धरेपर्यंत मला तुझ्याकडे ठेवून घे. ज्याला मी घाबरतो असं माणूस जगात तू एकच. दाजींचं सिगरेटचं पाकीटही कुलपात टाक. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी गाडीत असेन, तेव्हा नको म्हणायची सोय ठेवलेली नाही.

ता. क. २ : तुझ्या स्वयंपाकघरातली चिमणी नीट ओढते ना? आल्या आल्या तपासून देतो. धूर तेवढा लागेल.