दादाच्या पायातलं कुलूप

२९ डिसेंबर, रविवार

आली एकदाची हातकडी! ऑनलाइन मागवून दहा दिवस झाले होते, शिरड शहापूर कुठं आहे हे त्यांना शोधावं लागलं असेल. डब्यावर टोपीवाला जादूगार, आत चकचकीत हातकडी नि दोन किल्ल्या. किल्ल्या नुसत्या शोभेच्या. कडेला बारीक खटका आहे, अंगठ्याने दाबला की सुटते. एवढ्याशा लबाडीवर सव्वीस जानेवारीला माझ्यासारख्या अंगणवाडीच्या मदतनीसबाईसाठी अख्खं गाव टाळ्या वाजवणार!

पहिला प्रयोग दादासमोर. पत्ते, रुमाल, सगळे खेळ मी आधी रामकिशनदादालाच दाखवते. तो कुठं उठून जात नाही — हे लिहिलं नि लाज वाटली. खोडत नाही. उठून जात नाही, कारण उजव्या पायात साखळी आहे. साखळीला कुलूप. किल्ली आईच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. चार वर्षं झाली.

हातकडी सुटली तरी त्याने टाळी वाजवली नाही. हातात घेतली, उलटीपालटी केली नि अंगठा बरोबर खटक्यावर ठेवला. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस! आजार डोक्यात शिरला, हातात नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

शाळेतल्या शंकरसिंग सरांना हातकडी दाखवली. हसले. म्हणाले, ही खेळण्यातली आहे हे मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळेल, एखादं खरं कुलूप उघडून दाखवा. बोलणं लागलं. पण खरं होतं.

बाजारातून कुलूप आणलं. दादाचं ज्या गाड्यावरून आणलं होतं त्याच गाड्यावरचं. अगदी तसंच.

६ जानेवारी, सोमवार

बोटं सोलली! केसातल्या पिनेने कुलूप उघडायचं मोबाइलमध्ये किती सोपं दिसतं. मी खुडखुड करत होते, दादा बघत होता. मग म्हणाला, "दाबू नको. आयक." महिन्याभरात एवढेच शब्द. कान लावला, हलक्या हाताने फिरवलं — उघडलं! मी उडीच मारली.

मग समोर त्याचा पाय दिसला. तसंच कुलूप. माझ्या हातात पिन. आई शेतात.

नाही उघडलं. पिन केसात खोचली नि चहा ठेवायला गेले. भेकड कुठली.

९ जानेवारी, गुरुवार

पिना सारख्या हरवतात. माझ्या आरोहीला धपाटा घातला. मी नाही घेतल्या म्हणून रडली. आठ वर्षांची आहे, बापाने टाकली, आता आईही मारते. तरी सांगते, तिनेच घेतल्या.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईशी बोलले एकदाची. म्हटलं, हिंगोलीला सरकारी दवाखान्यात डोक्याचे डॉक्टर मंगळवारी बसतात, दादाला नेऊ. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. मागच्या खेपेला नेताना तो एसटीतून उतरून पळाला होता. नऊ दिवस नुसता शोध. सापडला तेव्हा पूर्ण्याच्या स्टेशनवर, पायाच्या जखमेत किडे. हे सगळं मला माहीत आहे, तरी तिने परत सगळं सांगितलं, एकेक दिवस मोजून. शेवटी म्हणाली,

"त्यो बांधलेला हाय म्हनून मह्या डोळ्याला डोळा लागतो, पुनम. तू सोड. पर मंग रातभर जागी तूच ऱ्हाय."

मला तरी जागता येणार आहे का? दादाला तिळगूळ दिला. गोड बोल म्हणायला जीभ रेटली नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, भाषणं, मुलांचे नाच, मग मी. हातकडी सुटली तेव्हा पोरं ओरडली. मग साखळी नि खरं कुलूप. शंकरसिंग सरांनी स्वतः लावलं, ओढून पाहिलं. ओढणीखाली हात घेतले. दाबू नको, ऐक. दोन मिनिटं! काय टाळ्या! आई पण वाजवत होती, पदर तोंडाला लावून. तिला ते खरंच वाटलं, हातकडीसुद्धा.

आणि पुढच्या खुर्चीतून शेजारचे माणिककाका, आवाज न चढवता: "पुनमबाई, घरचं कुलूप कवा उघडता?"

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. आईने मान खाली घातली.

दादाच्या पायातली साखळी माणिककाकांच्याच गोठ्यातली आहे! चार वर्षांपूर्वी स्वतः आणून दिली, वर कशी बांधायची तेही दाखवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. हे तिथं माइकवर म्हणायला हवं होतं. नमस्कार केला नि खाली उतरले.

२७ जानेवारी, सोमवार

काकांचा राग येतो. त्याहून जास्त माझा.

२ फेब्रुवारी, रविवार

आज आईच म्हणाली, ने मंगळवारी. तिलाही ते बोलणं लागलंय, आठवडाभर धड जेवली नाही. पण अट घातली: सुटा न्यायचा नाही. तुझी ती हातकडी घाल, एक कडी त्याच्या हातात, एक तुझ्या. ती सुटत नाही ना गं, तुझ्यासारख्या मंतर येणाऱ्याशिवाय?

म्हटलं, नाही सुटत.

आईला फसवलं. जन्मात एवढा मोठा खेळ केला नव्हता. आणि खटका कुठं आहे हे दादाला पक्कं माहीत आहे. वाटेत औंढ्याला जीप थांबली नि त्याने दाबला तर? परत नऊ दिवस? की या वेळी सापडणारच नाही? मन सारखं म्हणतं, साखळीच बरी. मग माझीच किळस येते.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ.

जीप यायला वेळ आहे. डाव्या हातात हातकडी, उजव्याने लिहिते. हे आत्ताच लिहायला हवं.

आईने किल्ली दिली नि दादाचा शर्ट आणायला आत गेली. मी कुलपाशी वाकले. दादाने माझा हात बाजूला केला. सतरंजीखालून पिन काढली — माझी! तिथं आणखी चार होत्या, वाकलेल्या. (आरोही, बाळा, चुकले गं.) पिन घातली, नुसती फिरवली. कुलूप उघडून त्याच्या हातात. माझी दोन मिनिटं कुठली नि हे कुठलं!

विचारलं, कधीपासून? म्हणाला, तू कुलूप आणलंस तवापासून. महिना झाला होता.

"मंग गेला काहून न्हाईस, दादा?"

"आईला झोप लागती ना."

तेवढ्यात आई शर्ट घेऊन बाहेर आली. दादाने गुमान हात पुढे केला. मी कडी घातली. त्याने मनगट थोडं फिरवलं, खटका आतल्या बाजूला घेतला, आईला दिसू नये म्हणून.