निवडीला माझाच हात

१ नोव्हेंबर १९४९, मंगळवार. सकाळी.
मानसिंगचं कार्ड आलं. मानसिंग म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, सांगलीत एका मंडळात मॅनेजर आहे. कार्ड मी स्वतः वाचलं. प्रौढांच्या वर्गात दोन हिवाळे घातले, त्याचा हा फायदा. मास्तरांनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात म्हणून ही वही. कुणी वाचायची नाही. सुनेला वाचता येत नाही, मुलाला सवड नाही.
कार्डात असं आहे: मावशीस दंडवत. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळात बुद्धिबळाची निवड आहे. परदेशात देशादेशांचे सामने व्हायचे आहेत, त्यासाठी आपल्या देशाची चारजणांची टीम इथं ठरणार. चहूकडून खेळणारे येतील. माणसं कमी पडतात. निवडायला तुमच्यासारखी नजर आणि तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. दोन दिवस आधी या. चष्मा विसरू नका.
जागा संपली म्हणून शेवटची ओळ पत्त्याशेजारी लिहिली, तिच्यावर नेमका पोस्टाचा शिक्का बसला. "येताना सू" एवढं दिसतं, पुढं काळं, मग "आणा".
सुपारी असणार. कमिटी बसली की सुपारी लागतेच.
स्वातंत्र्य येऊन दोन वर्षं झाली. सरकारला माणसं ओळखायला आज सुरुवात झाली.

त्याच दिवशी, दुपारी.
सुलाबाई, म्हणजे सून, ज्वारी घेऊन आली. म्हणाली, आत्याबाई, एवढी निवडून द्या, उद्या दळायची हाय. मी म्हटलं, मी आता माणसं निवडणार, खडे तू निवड. ती म्हणाली, माणसातबी खडंच असत्यात की. सुनेला जीभ आहे. माझ्याकडूनच उचलली.

३ नोव्हेंबर.
माझी लायकी काय, असं सांगलीत कुणी विचारलं तर उत्तर तयार पाहिजे. म्हणून लिहून ठेवते.
पट मला मालकांनी, म्हणजे मुलाच्या वडलांनी शिकवला. पावसाळ्यात त्यांना खेळायला दुसरं कुणी मिळेना म्हणून. चाळीस वर्षं खेळलो. मालक गेले त्या दिवशीही डाव मांडलेला होता. दोन चालींत त्यांच्यावर मात होती. ती व्हायच्या आधीच गेले. लोक म्हणतात मात माझ्यावर होती. लोक आले तेव्हा पट मोडलेला होता, त्यांना काय कळणार.

६ नोव्हेंबर, रविवार.
पाण्याला गेले तेव्हा विहिरीवर सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मला वेगळं कुठं सांगावं लागलं नाही.
आपल्या गावची चाचणी ओसरीवर घेणार. रूल एकच. प्रत्येकानं माझ्याशी खेळायचं. बाकीचं मी चेहऱ्यावरून ओळखते.

८ नोव्हेंबर.
आज जोतिबा. हा दहिवडीकडचा मेंढरंवाला. दिवाळी झाली की त्याची मेंढरं आमच्या रानात बसतात, रानाला खत होतं, आम्ही त्याला रोजची ज्वारी देतो.
तीन डाव खेळला. तिन्ही हरला. पण हरण्यात एक समज असते. दुसऱ्या डावात त्यानं वजीर उचलून माझ्या घोड्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाला, आवं आज्जी, तुमच्यापुढं आमचं काय चालतंय. जाताना ज्वारी वाढवून मागितली. दिली.
गुणी माणूस. नंबर एक.

९ नोव्हेंबर.
आप्पासो. दहा एकर ऊस आणि भरपूर झोप. चौथ्या चालीला पेंगला. पेंगताना हात हत्तीवर पडला, हत्ती दोन घरं सरकला, तीच चाल धरली. मला मात करायला पाऊण तास लागला कारण त्याला उठवावं लागत होतं. थंड डोकं. परदेशात थंडी फार असते म्हणतात.
नंबर दोन.

११ नोव्हेंबर.
गुंडा. आमच्या भावकीतला. फौजेत होता, लढाईत धरला गेला, इटलीत दोन वर्षं कैदी. तिथं काटेरी तारेच्या आत एका गोऱ्याकडून बुद्धिबळ शिकून आला. दुसरे लोक कैदेतून अक्कल घेऊन येतात.
पहिलीच चाल, प्यादं दोन घरं सरकवलं. मी म्हटलं, प्यादं एक घर चालतं. तो म्हणाला, तिकडं पैल्या चालीला दोन घरं चालतंय, आज्जी. मी म्हटलं, तिकडं बायका उघड्या पायांनी हिंडतात, म्हणून मीही हिंडू का. त्यानं प्यादं एक घर मागं घेतलं.
पुढं मी माझ्या राजाला घोड्याची उडी दिली. एका डावात एकदा राजा अशी उडी मारतो, हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे. गुंडा म्हणाला, तिकडं राजा उडी मारत न्हाई. मग अडचणीत करतो काय, विचारलं. म्हणाला, आधीच हत्तीच्या आड जाऊन बसतोय. राजा आहे का बोका.
बावीस चालींत मला मात झाली. मी त्याच्याशी बोलण्यात गुंतले होते.
मग म्हणाला, आज्जी, सांगलीला एक चिठ्ठी द्याल का? फौजंतनं आल्यापास्नं हाताला काम न्हाई, एवढं एक येतंय बघा. असं तोंड केलं की जरा वाईट वाटलं. जरासंच. पण देशाचं काम आहे. रूल माहीत नाहीत, शिवाय बाईमाणसाला मात देतो. नापास. नाव खोडलं.

१५ नोव्हेंबर.
गुंडानं सांगलीला परस्पर अर्ज पाठवला म्हणे. हसू आलं. अर्ज वाचायला तिथं कोण बसणार, ते त्याला ठाऊक नाही.

१९ नोव्हेंबर.
टीम अशी. १ जोतिबा. २ आप्पासो. ३ मी. ४ सांगलीत बघू, त्यांनाही थोडा मान दिला पाहिजे.
मास्तरांना सांगितलं. म्हणाले, निवडणाऱ्यानं स्वतःला निवडू नये. मास्तर आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही तेच आणि घंटा बडवणारेही तेच. त्यांनी बोलू नये.
जोतिबाला नंबर एकचं सांगितलं. त्यानं विचारलं, बोटीवर मेंढरं घेत्यात का? घेत नाहीत म्हटल्यावर तोंड पडलं. समजूत घालायची आहे.

२६ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे.
गाठोडं बांधलं. इरकली लुगडं, ही वही, कातरलेली सुपारी अर्धा शेर. सुलाबाईनं चारदा बजावलं, चष्मा घ्या. कमिटीवर बसणारीला चष्मा असला की नजर अधू दिसते. तो कोनाड्यात ठेवला.
सर्विस मोटारीनं तासगाव, तिथून सांगली. ड्रायव्हरनं विचारलं, कुणाकडं जायचं? म्हटलं, देशाच्या कामाला. त्यानं माझ्या मांडीवर दुसऱ्या कुणाच्या दोन कोंबड्या दिल्या. म्हणाला, देशाच्याच हायत, धरा.

२७ नोव्हेंबर. सांगली.
मानसिंग पाया पडला आणि पहिला प्रश्न विचारला, मावशी, सूप आणलं का?
मी सुपारी पुढं केली. तो सुपारीकडं बघत राहिला. मग भिंतीला टेकून हसला. चांगलं पोट धरून हसला.
मग मला मागच्या खोलीत नेलं. तिथं कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या तांदळाची दोन पोती. म्हणाला, मागल्या सामन्यांत एका पाव्हण्याची दाढ खड्यानं तुटली, तो डाव टाकून गावी गेला. आवंदा साठ माणूस जेवणार. म्हणून म्हटलं मावशीच पायजे, निवडायला तिच्यासारखा हात न्हाई.
मी लगेच ओळखलं. कमिटीवर कोण आहे ते आधी फुटलं तर वशिले लागतात. म्हणून मला मागच्या खोलीत बसवलंय. तांदूळ हे निमित्त. मानसिंग हुशार आहे, मी एकटी असतानासुद्धा खरं सांगितलं नाही.
सूप मंडळानं दिलं.
या खोलीत उजेड कमी आहे. म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

२९ नोव्हेंबर.
सामने सुरू. मला दारातून अर्धा हॉल दिसतो. दोन-दोन तोंडांची घड्याळं ठेवलीत. एकानं चाल केली की त्याचं थांबतं, दुसऱ्याचं चालू होतं. मालकांबरोबर असं घड्याळ असतं तर ते आधीच गेले असते.
समोर पाचजण खुर्च्या टाकून बसलेत, कोट घालून. ते दाखवायचे.
सगळे प्यादं दोन घरं सरकवतात. मुंबईचा काय, मद्रासचा काय. देश बिघडला आहे.
गुंडा आलाय. मला बघून दारात आला, वाकून म्हणाला, आज्जी, तुमी हितं? मी म्हटलं, कामात आहे, जा. सुपाकडं बघितलं आणि काही न विचारता गेला. घाबरला.

३० नोव्हेंबर.
माझ्या टीमची यादी चिठ्ठीवर लिहिली आणि चहाच्या ट्रेमधून खुर्चीवाल्यांना पाठवली. रिकाम्या कपांबरोबर चिठ्ठी परत आली. मागं लिहिलं होतं, साखर कमी आहे.
लेखी आलं म्हणजे विचार चालू आहे.

२ डिसेंबर.
एक पोतं संपलं. पाठ गेली. गुंडा सहापैकी साडेचार जिंकला असं मानसिंग सांगतो. अर्धा डाव कसा जिंकतात ते विचारलं नाही.
बिनकामाचं पोरगं, जिंकलं तर जिंकू दे म्हणा. नाव मी खोडलेलं आहे, तेवढं खरं.

४ डिसेंबर, रविवार.
सकाळी निकाल. खुर्चीवाल्यांतला एक उभा राहिला आणि चार नावं वाचली. चौथं गुंडाचं. टाळ्या झाल्या. दाराच्या फटीतून गुंडाचा चेहरा दिसला. इटलीहून परत आला त्या दिवशीसुद्धा असा नव्हता.
दुपारी पंगत. मी भात वाढायला बाहेर आले, सगळ्यांना नीट बघून घ्यावं म्हणून. गुंडाचा दुसरा घास. खाडकन आवाज झाला. सगळी पंगत थांबली. खुर्चीवाल्यानं मानसिंगकडं बघितलं. मानसिंगनं माझ्याकडं.
गुंडानं तोंडातून खडा काढला. हरभऱ्याएवढा होता. पानाच्या कडेला ठेवला, पुढचा घास घेतला आणि म्हणाला, काय न्हाई, सुपारी हाय. आमच्या आज्जीनं गावाकडनं आणलीया.
पंगत पुढं चालू झाली.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
विचार केला. तो खडा मी मुद्दाम ठेवला होता. परदेशात जाणाऱ्याचं तोंड कसं आहे ते बघायला नको का. दात पक्के, डोकं थंड, घरच्या माणसाला चारचौघांत उघडं पाडत नाही. पास. म्हणजे त्याला खरा निवडला तो मीच.
खोडलेलं नाव परत लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

६ डिसेंबर. घरी.
गुंडा त्याच मोटारीत होता. माझं गाठोडं त्यानंच उचललं. बोटीचं अजून काय खरं न्हाई, म्हणाला, परवानगी यायची हाय. मी म्हटलं, येईल, मी निवडलाय. व्हय आज्जी, म्हणाला.
गावात शिरताना कळलं, जोतिबाची मेंढरं आता आप्पासोच्या रानात बसतात. आप्पासोकडून तो बुद्धिबळात पाच डाव हरला म्हणे. आमच्याकडं तीनच हरला होता.
विहिरीवर बायकांनी विचारलं, झाली का निवड? झाली म्हटलं. किती? तोंडातून निघून गेलं, दोन पोती.

७ डिसेंबर. सकाळी.
सुलाबाईनं सूप पुढं आणून ठेवलं. सुपात ज्वारी, ज्वारीवर माझा चष्मा. ती चुलीकडं गेली.
लावला.