सूनबाईचा पेढा

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी आनंद गगनात मावत नव्हता. माझ्या आजारी नातीला, चिनूला, लिव्हर द्यायला तिच्या आईचं, म्हणजे सूनबाईचं, जुळलं. मी लगेच गल्लीभर पेढे वाटले. सूनबाईने आपला वाटीत ठेवला, नंतर खाते म्हणाली.

दुपारी इस्पितळातल्या समाजसेविका दीदी घरी आल्या. मी म्हटलं, "दीदी, हमारी तो हाँ है."

"अम्मा, आप बाहर बैठिए. इनकी मर्ज़ी इनसे अकेले में पूछनी है."

आईला काय विचारायचं? दार किती वेळ बंद होतं. उघडलं तेव्हा सूनबाई माझ्याकडे न बघता चिनूची वेणी घालायला बसली. दीदी निघताना म्हणाल्या, "अम्मा, अभी किसी से कुछ मत कहिए."

मी तर सगळ्यांना सांगून आले. पेढा अजून वाटीतच आहे.