ह्यांचा मुरलेला चहा

रविवार, संध्याकाळी सात

आज ह्यांचे चहाचे डबे काढले. हे गेल्यापासून तीन महिने हात लावला नव्हता. आधी मोगऱ्याचा केला, मग धुराच्या वासाचा, मग संत्र्याच्या सालीचा. प्रत्येकाचे दोन घोट घेतले. गरम लागलं, एवढंच. वाईट वाटतंय का, तेही कळेना.

शेवटचा डबा जुन्या चिनी चहाचा. वर कागद चिकटवलेला, ह्यांचं अक्षर: 'मुरतोय. उघडू नये.' कधीपर्यंत, ते लिहिलंच नाही. लोणच्यासारखा मुरतो म्हणायचे. मी नुसती डब्याजवळ गेले तरी ओरडायचे.

तेवढ्यात वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण, कालच नेसरीहून आल्यात. माझ्या कपात डोकावल्या. "ह्यो चहा व्हय? गवताचं पानी हाय की नुसतं. सर बाजूला."

आणि नेमका तोच डबा उघडला. कागद टर्रकन फाटला. म्हशीचं दूध, साखर, ठेचलेलं आलं, सगळं एकत्र उकळायला ठेवलं. मी थांबवलं नाही. का नाही?

खरं तर मी वाट बघत होते. आता आतल्या खोलीतनं आवाज येईल, "अगं, त्यात दूध घालायचं न्हाय!"

चहा उतू जायला आला. वन्संनी गॅस बंद केला. कुणीच ओरडलं नाही.

फाटका कागद मुठीत धरूनच कप संपवला. गोड होता. तीन महिन्यांत जिभेला पहिल्यांदा काही लागलं, तेही ह्यांचं न ऐकता.