आजीचे अठ्ठावीस दात

डनीडिन,
१४ जानेवारी १९९२

ति. आजीस,
रोनाचा सा. न. वि. वि.

पत्र बसून वाच. शेगडीवर जॅम असेल तर आधी खाली उतरव.

डेंटल कॉलेजचं उत्तर आलं. नकार. हा तिसरा. पाकीट पातळ होतं, तेव्हाच कळलं. जाड पाकिटात फॉर्म असतात आणि पातळ पाकिटात दिलगिरी. यंदाची दिलगिरी गेल्या वर्षीपेक्षा एका ओळीने मोठी आहे, एवढीच काय ती प्रगती.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, मेंढ्या कातरणारी टोळी दारात उभी आहे, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी म्हणाले, चौथ्यांदा भर, आपल्या घरात अर्धी कातरलेली मेंढी कुणी सोडत नाही. बरोबरच आहे त्यांचं, पण त्या मेंढीला कुणी विचारलंय का? तुला मी फोन करत नाही, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच्या मनानं भरतेस.

मुलाखत तशी बरी झाली होती. नक्की काय कमी पडलं, ते कुणी कळवत नाही.

सकाळची मी हॅगर्टसाहेबांच्या लॅबमध्ये जाते. ते कवळ्या करतात, मी प्लास्टरचे साचे घासून देते. केस कायम पांढरे, त्यामुळे आपण दोघी आता बहिणी शोभू. दुपारी मात्र काय करायचं ते समजत नाही. तेवीस वर्षांची झाले गं. माझ्याबरोबरच्या दोघी पांढरा कोट घालून रस्त्यात भेटतात, आणि मी दुकानाच्या काचेत काहीतरी बघत उभी राहते.

आजी, काय करू ते तूच सांग. तुझे चीज-रोल बसच्या ड्रायव्हरने गरम गरम पोचवले. पाचच होते. सहा म्हणून लिहायला सांगितलंय त्याने.

माया आहे तशीच असू दे.
तुझी रोना

---

टॅपानुई,
२१ जानेवारी

चि. रोना हिस,
अ. उ. आ.

जॅम उतरवला नव्हता. करपला.

अपयश ही यशाची पहिली पायरी म्हणतात. तुझ्या तीन झाल्या. आता वर चढायचं की खाली उतरायचं एवढाच प्रश्न आहे, आणि खाली उतरायचं नाही हे मी ठरवलंय. चौथ्यांदा फॉर्म भर. रडायचं असेल तर भरून झाल्यावर रड.

माझं तोंड आठव. लहानपणापासून ऐकत आलीस ना? वडिलांचं शेत डोंगरात, चाळीस मैलांत दातांचा डॉक्टर नाही. दाढ ठणकायला लागली की मोज्यात गरम मीठ भरून गालाला बांधायचं आणि मेंढ्यांमागे जायचं. कीड एका दातावरून दुसऱ्यावर गेली, शेवटी लग्नाआधी सगळे काढावे लागले. वीस वर्षांच्या पोरीचं बोळकं झालं. एक शहाणा डॉक्टर वेळेवर भेटला असता तर माझे दात माझ्या तोंडात राहिले असते. म्हणून तू आठ वर्षांची होतीस तेव्हाच तुला सांगितलं होतं, की तू दात वाचवायचे. चर्चमधल्या एल्स्पेथला मी पंधरा वर्षं हेच ऐकवतेय. तिचा नातू विमा विकतो.

माझी खालची कवळी हल्ली फार सुटते. रविवारी गाण्याची शेवटची ओळ मी म्हणते, आणि माझ्यामागून ती म्हणते. पाद्रीबाबा हसू दाबतात. मला दिसतं.

त्या लॅबमध्ये फार वेळ घालवू नकोस. प्लास्टरनं हात खरबरीत होतात.

जीव लावून आहे, हे वेगळं लिहायला नको.
तुझी आजी

---

डनीडिन,
९ फेब्रुवारी

ति. आजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय. म्हणजे चौथ्यांदा काहीतरी केलं, बाबांना सांग.

मुलाखत बरी झाली असं मी लिहिलं, ते खोटं होतं. तिन्ही वर्षी मला विचारलं, दातांचाच डॉक्टर का व्हायचंय? तिन्ही वर्षी मी तुझी गोष्ट सांगितली. डोंगरातलं शेत, मिठाचा मोजा, विसाव्या वर्षीचं बोळकं. पहिली दोन वर्षं त्यांनी माना हलवल्या. यंदा कडेला एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ही तुझ्या आजीची गोष्ट झाली. तुझी कुठली?"

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. बाई दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, निदान राग धरता आला असता. पेला तसाच ठेवून मी उठून आले.

तेव्हापासून माझी गोष्ट शोधतेय, आणि ती भलत्याच जागी सापडली. हॅगर्टसाहेबांकडे दात बसवणारे गृहस्थ आजारी पडले, म्हणून त्यांनी एका दुपारी मला मागच्या टेबलावर बसवलं. गुलाबी मेणात एकेक दात उभा करायचा, जरा तिरका, जरा मागे, पुन्हा बघायचं. मान वर केली तेव्हा तीन तास झाले होते आणि चहा गार होता. साहेब प्रत्येक गिऱ्हाइकाकडे त्याचा जुना, हसतानाचा फोटो मागतात. म्हणतात, ओळीत दात कुणीही लावेल, पण घरच्यांनी ओळखायला हवं ना. त्यांनी मला शिकाऊ म्हणून घ्यायचं कबूल केलंय. चार वर्षं. एप्रिलपासून.

मला हो म्हणायचंय. लिहिताना रडतेय, कारण डॉक्टर व्हायचं तेही हवं होतं. आता कळत नाही की ते खरंच हवं होतं की हवं म्हणायची सवय झाली होती. माझी तीन वर्षं गेली ती गेलीच. पण तू हो म्हटल्याशिवाय माझा पाय उचलणार नाही.

आणि एक. पहिली पुरी कवळी मला तुझी करायची आहे. तुझे दात किडले कसे ते शंभरदा सांगितलंस. ते दिसायचे कसे, ते कधीच सांगितलं नाहीस. कसे होते गं?

उत्तराची वाट बघत,
रोना

---

टॅपानुई,
१३ फेब्रुवारी

चि. रोना,

पत्र पोचलं.

कवळ्या! ज्या मेल्या वस्तूला मी पंचावन्न वर्षं रोज पेल्यात बुडवते आणि रोज शिव्या घालते, ती तू आयुष्यभर करत बसणार? दात वाचवायला पाठवलेली पोर दात गेलेल्यांच्या दुकानात बसली, हे मी एल्स्पेथला कुठल्या तोंडानं सांगू? हॅगर्टला म्हणावं दुसरी कुणी शोध.

माझे दात कसे होते ते पुन्हा विचारू नकोस.

नासपती बरण्यांत भरायच्या आहेत. आशीर्वाद वर लिहिला नाही, तो विसरले म्हणून नाही.

एफी कथिल

---

डनीडिन,
८ मार्च

ति. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र नाही, चीज-रोल नाहीत. ड्रायव्हर मला बघून लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून. बाबा म्हणतात आजी कामात आहे. तीन आठवडे कसल्या नासपती भरतेस?

हॅगर्टसाहेबांना महिनाअखेर उत्तर द्यायचंय. कॉलेजचा फॉर्मही आणलाय. सगळा भरला, फक्त एक रकाना रिकामा आहे: का व्हायचंय? तू म्हणत असशील तर तिथे तुझी गोष्ट पुन्हा लिहीन आणि पाठवून देईन. खरंच. तू बोलत नाहीस हे मला नकारापेक्षा जड जातंय.

तुझा शब्द मोडणार नाही.
रोना

---

टॅपानुई,
१७ मार्च

चि. रोना हिस,
अ. उ. आ. मागचे राहिलेले धरून दोनदा.

फॉर्म पाठवू नकोस. ती गोष्ट त्या रकान्यात लिहू नकोस. ती खरी नाही.

माझे दात किडलेले नव्हते. एकही नव्हता.

आमच्या वेळी लेकीच्या लग्नाआधी बाप तिचे सगळे दात काढून कवळी बसवून द्यायचा. आहेरच असायचा तो. पुढे नवऱ्याच्या घरी दातांची कटकट नको, म्हणून. आईनं मला उशांचे अभ्रे भरून दिले आणि वडिलांनी कवळी दिली. माझ्यावर कुणी बळजबरी केली नाही. मीच मागितली. एल्स्पेथला मिळाली होती, पांढरीशुभ्र, एकसारखी, आणि मला तिच्यापुढे कमी पडायचं नव्हतं. गोर गावच्या दातांच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात बघितलं आणि म्हणाला, "पोरी, हे दात चांगले आहेत." मी म्हटलं, "ठाऊक आहे. काढा." एका सकाळी अठ्ठावीस.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. वडिलांची मेंढ्या वळवणारी कुत्री मी चालवायचे, माझा भाऊ, म्हणजे तुझे वॉटीआजोबा, नव्हे. माझी शिट्टी भावापेक्षा लांब जायची. दारात उभी राहून मी पलीकडच्या उतारावरचा कळप वळवायचे. ती शिट्टी दातांतून येते. हिरड्या भरल्या, कवळी बसली, आणि मी बाहेर जाऊन माझ्या कुत्र्याला, जेडला, शिट्टी घातली. नुसती हवा आली. जेड माझ्या पायाशी बसला होता, तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. पुन्हा घातली. पुन्हा हवा. जेड उठला आणि वॉटीकडे गेला. त्या दिवसापासून तो वॉटीचा कुत्रा. लग्नात मी हसले नाही. लोक म्हणाले, लाजतेय.

किडीची गोष्ट मी नंतर रचली. कीड म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. सांगता सांगता मलाही ती खरी वाटायला लागली होती.

मग ती तुझ्या गळ्यात बांधली. तुला आठवत नसेल. आठ वर्षांची तू, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणबत्त्यांच्या मेणाच्या मेंढ्या करत होतीस. एकीचा कान दुमडला होतास, कारण बाबांच्या कळपात तशी एक होती. मी त्या मेंढ्या बाजूला सारल्या, तुला समोर बसवलं आणि माझ्या किडक्या दातांची गोष्ट सांगितली. तुझी गोष्ट टेबलावरच होती गं. मी ती फडक्यानं पुसून टाकली. तुझी ती तीन पातळ पाकिटं माझ्यामुळे आली, याची मला लाज वाटते. ती वर्षं मी तुला कुठून आणून देऊ?

सोबत फोटो आहे. १९३६ सालचा. मी आणि जेड. माझे दात दिसतात असा हा एकच. वरचा पुढचा डावा दात शेजारच्यावर जरा चढलाय बघ. तो तसाच लाव. सरळ केलास तर तोंडात घालणार नाही.

हॅगर्टला हो म्हण.
तुझी आजी

---

डनीडिन,
२६ मार्च

ति. आजीस,
सा. न. वि. वि.

हो म्हटलं.

फॉर्म फाडायला घेतला आणि फाडवेना. खणात ठेवलाय. कॉलेजच्या दारावरून जाताना अजून मान खाली जाते, ती किती दिवस जाणार कोण जाणे. तुझ्यावर चिडायचं म्हणून मी काल समुद्रापर्यंत चालत गेले. थोडी चिडलेसुद्धा. परत येताना त्या दुमडलेल्या कानाची मेंढी आठवली, आणि मग तुझीच फार दया आली, वीस वर्षांच्या तुझी.

फोटो टेबलावर उभा केलाय. तू आणि जेड, दोघांचेही सगळे दात दिसतात. साहेब म्हणाले, कुत्र्याचे जास्त सरळ आहेत. मापासाठी जूनमध्ये बसने ये. न्यायला मी थांब्यावर उभी असेन.

तुझीच,
रोना

---

टॅपानुई,
२ नोव्हेंबर

चि. रोना हिस,
अ. उ. आ.

कवळी बसली. खालची आता गाण्यात तोंड घालत नाही. परवा मागल्या दारात उभं राहून अख्खं सफरचंद खाल्लं, देठाकडून. अर्ध्यावर रडू आलं, पण खायची थांबले नाही.

वॉटी आला होता. चहा दिला आणि त्याच्याकडे बघून हसले. त्यानं कप खाली ठेवला. त्या चढलेल्या दाताकडे इतका वेळ बघत राहिला, की मला वाटलं याला काही झालं. मग म्हणाला, "एफी, कुठं होतीस गं इतकी वर्षं?"

त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जेड त्याचा कधी झालाच नव्हता. त्यानं शिट्टी घातली की जेड आधी वळून घराच्या दाराकडे बघायचा आणि मग कामाला लागायचा. मरेपर्यंत. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून. आणि मी पंचावन्न वर्षं त्या मुक्या जिवावर रुसून होते.

शिट्टी येत नाही. रोज कपडे वाळत घालताना फुंकून बघते. हवाच येते. तू मनाला लावून घेऊ नकोस, कवळीत खोट नाही. गेलेलं सगळं परत करायचं काम तुला कुणी दिलेलं नाही.

रविवारी चर्चनंतर चहाला बायका जमल्या, तेव्हा सांगितलं, माझी नात दात करते, हे बघा. आम्ही चौघी त्या काळातल्या, चौघींच्या तोंडात कवळ्या. मी त्या तिघींना विचारलं, तुमचे दात खरंच किडले होते का? कपांतला चहा गार झाला. शेवटी एल्स्पेथ म्हणाली, किडले होते. मग जरा वेळानं म्हणाली, नव्हते.

गुरुवारच्या बसने तिघींना घेऊन येतेय. जुने फोटो शोधून ठेवायला सांगितलंय.

तुझी आजी