चार बोटांची दुमड

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.
बाइंडिंगच्या कामावरून मी महिनाभर रजेवर आहे, हे आईने सांगितलंच असेल. आळस नाही गं, पण सकाळी बुटाची नाडी बांधायची म्हटलं तरी जिवावर येतं. डॉक्टरीणबाईंनी याला नैराश्य म्हटलं आणि हातात प्रश्नांची यादी दिली. लहानपणी घरात कुणी फार दिवस आजारी होतं का? तुम्हाला घरापासून लांब ठेवलं होतं का? दुखणं आजचं आणि बाई निघाल्या वीस वर्षं मागे! पण आता मलाच उत्सुकता लागली आहे. वीस तारखेला उत्तरं द्यायची आहेत आणि त्या दोन जागा कोऱ्या आहेत.
तुझा,
गप्पू

७ फेब्रुवारी

चि. गप्पूस अनेक आशीर्वाद.
आपल्या घरात सगळे ठणठणीत. तू सहा वर्षांचा असताना माझ्याकडे राहिलास खरा, पण आठच दिवस. आई कामासाठी परगावी गेली होती. नसत्या चौकशा सोड, दोन घास जास्त खा. आणि केस काप, फोटोत अस्वल दिसतोस.
तुझी मावशी

११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.
केस कापले. चौकशी मात्र सुटत नाही. आईच्या पेटीत तू शिवलेली माझी तेव्हाची पॅंट सापडली. खालची दुमड चार बोटं, आणि ती दोनदा उसवून सोडलेली. पुस्तकं शिवणाऱ्याला टाक्यांच्या खुणा कळतात. आठ दिवसांत कुठलं पोर दोनदा वाढतं? मी रागावलेलो नाही, मला जाणून घ्यायचंय. नाहीतर मी उपजतच कुचकामी आहे असं धरून औषधपाणी सोडून देईन. काल तसं ठरवलंही होतं.
राग आला तरी लोभ असू दे.
गप्पू

१४ फेब्रुवारी

चि. गप्पूस आशीर्वाद.
पकडलंस. वर्षभर होतास. आई परगावी नव्हती, दोन गल्ल्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवण नाही, बोलणं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्हा शहाण्यांना वाटलं. हे लिहायला काल तिची परवानगी घेतली. वीस तारखेला ती तुझ्याबरोबर येणार आहे, तिचं तीच सांगेल म्हणाली.

एक मात्र मीच सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात मी तुझ्या पॅंटचं माप धरत असताना तू विचारलंस, "मी त्रास दिला म्हणून आई गेली का?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी नुसती 'नाही' अशी मान हलवली, आणि तू खाली बघत होतास. पुन्हा कधी विचारलं नाहीस. गुणी पोर, अगदी गप्प असतं, म्हणून आम्ही कौतुकाने नावही पाडलं. तेव्हाच टाचण्या काढून बोलायला हवं होतं. आज बोलते. नाही रे बाळा, तुझ्यामुळे नाही.

तुझी मावशी